लिनक्स कर्नलमधील रस्टला विरोध: हट्ट की हिशेब?

शंकासुर

नमस्कार.

मी एका लहान कंपनीत औद्योगिक उपकरणांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि लिनक्स यांना जोडणारे प्रोग्राम, लिहिण्याचे काम करतो. येऊ घातलेल्या एका उपकरणाचा ड्रायव्हर सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेऐवजी रस्ट या नव्या भाषेत लिहावा, असा प्रस्ताव मी मांडला आणि गटातील सर्वांत अनुभवी अशा दोघांनीच त्याला कडाडून विरोध केला. त्यानिमित्ताने खुद्द लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, या विषयावर जे वाद झाले ते मी सवडीने वाचले, परंतु त्यातून माझा गोंधळ वाढलाच.

रस्टची बाजू मला तरी स्वच्छ दिसते. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणे, बफरच्या हद्दीबाहेर लिहिणे, कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारी सोय) न लावता सामाईक माहितीला हात घालणे, अशा चुका सी भाषेत कसलेल्या माणसांच्या हातूनही होत आल्या आहेत. रस्टचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्यांपैकी बहुतेक चुका कोड चालण्यापूर्वीच अडवतो. मिगेल ओहेदा यांनी एप्रिल २०२१ मध्ये कर्नलमध्ये रस्ट आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीत त्याचा पाया घातला गेला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची त्याला संमती होती. इतके होऊनही २०२४ मध्ये या प्रकल्पातील एक प्रमुख सहकारी, वेडसन आल्मेडा फिल्यो, तांत्रिक नसलेल्या कटकटींना कंटाळून बाहेर पडले. जानेवारी २०२५ मध्ये तर डीएमए (उपकरणांना थेट मेमरी वापरू देणाऱ्या) विभागाचे मेंटेनर, म्हणजे तो विभाग सांभाळणारे, क्रिस्टॉफ हेलविग यांनी कर्नलमध्ये दुसरी भाषा पसरण्याला कर्करोगाची उपमा दिली.

ही माणसे अडाणी नाहीत. सीमधील या चुका तीस वर्षे निस्तरत आलेलीच ही माणसे आहेत. मग ज्यांना दुखणे सर्वांत जवळून ठाऊक आहे, तेच औषध का नाकारतात? आयुष्यभर कमावलेले कौशल्य मोडीत निघेल ही भीती यामागे आहे, की मला न दिसणारे काही तांत्रिक कारण आहे? ज्यांनी मोठ्या आणि जुन्या प्रणालींवर काम केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

ओसरी

शंकासुर, प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: विरोध रस्टला आहे, असे आपण धरून चालला आहात. हेलविग यांनी त्याच चर्चेत स्पष्टपणे लिहिले होते की त्यांचा रस्टवर राग नाही, नव्या प्रकल्पांसाठी ती भाषा जरूर वापरावी. मात्र जो प्रचंड सी कोड त्यांना स्वतःला सांभाळावा लागतो त्याच्या आसपास ती त्यांना नको आहे. या वाक्यातील ‘सांभाळावा लागतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

कर्नलचे दोन नियम लक्षात घेतल्याशिवाय हा वाद कळत नाही. पहिला नियम असा की कर्नल आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम यांच्यातील इंटरफेस कधीही मोडायचा नाही. दुसरा नियम याच्या बरोबर उलट आहे: कर्नलच्या आतील इंटरफेस कोणालाही, केव्हाही बदलता येतात आणि ते स्थिर राहतील असे आश्वासन जाणीवपूर्वक दिले जात नाही. या दुसऱ्या नियमाला एक जोड आहे. जो एखादे अंतर्गत फंक्शन बदलतो, त्यानेच ते वापरणारी कर्नलमधील सगळी ठिकाणे शोधून दुरुस्त करायची. सुमारे ४ कोटी ओळींचा हा पसारा तीस वर्षांनंतरही साचून न राहता बदलत राहिला, तो याच शिस्तीमुळे.

आता एक उदाहरण जवळून पाहू, कारण २०२४ च्या फाइलसिस्टीमवाल्यांच्या परिषदेत वादाची ठिणगी पडली ती याच उदाहरणावरून. कर्नलमध्ये ‘आयगेट_लॉक्ड’ नावाचे एक फंक्शन आहे. फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणारा भाग, त्याला एक क्रमांक देते आणि त्या क्रमांकाचा आयनोड, म्हणजे एका फाइलची माहिती ठेवणारी नोंद, मागते. तो आधीच मेमरीत असेल तर तयार आयनोड मिळतो. नसेल तर नवा, रिकामा आणि कुलूपबंद आयनोड मिळतो, ज्यावर ‘नवा’ अशी खूण असते. खूण असेल तर मागणाऱ्याने डिस्कवरून माहिती वाचून तो भरायचा आणि मग कुलूप काढायचे. भरता आला नाही तर तो अयशस्वी झाल्याचे वेगळ्या फंक्शनने कळवायचे. सीमध्ये या दोन्ही परिस्थितींत हाती येतो तो एकाच प्रकारचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता. खूण तपासायला विसरलात तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. रस्टवाल्यांनी सुचवले ते असे की ‘तयार’ आणि ‘नवा’ हे दोन निरनिराळे प्रकार (टाइप) करावेत, म्हणजे नव्या आयनोडचा निकाल लावल्याशिवाय कोड कंपाइलच होणार नाही.

कल्पना निःसंशय सुंदर आहे, आणि इथेच घोडे पेंड खाते. सीमधील नियम सैल आहे म्हणूनच तो बदलायला सोपा आहे. उद्या मेंटेनरला कुलपाची पद्धत बदलावीशी वाटली, तर तो एका पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या एका गठ्ठ्यात, डझनावारी फाइलसिस्टीममधील सगळी ठिकाणे स्वतः बदलू शकतो, कारण ती सगळी त्याला वाचता येतात. त्यांपैकी काही रस्टमध्ये असतील आणि नियम प्रकारांत कोरलेला असेल, तर त्याला एक तर रस्ट इतके शिकावे लागेल की प्रकारांची ती सगळी रचना नव्याने बेतता यावी, किंवा दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत बसावे लागेल. त्या परिषदेत एका ज्येष्ठ मेंटेनरने नेमके हेच सुनावले की मी सी कोड बदलत राहणार, त्याने तुमची रस्टची वेष्टने (सी कोडला रस्टमधून हाक मारण्यासाठी लिहिलेला कोड) मोडली तर ती मी दुरुस्त करणार नाही. सूर कडवट होता, मुद्दा मात्र खरा होता.

रस्ट गटाने यावर दिलेले उत्तर असे की मोडलेले रस्ट आम्ही दुरुस्त करू, तुम्ही खुशाल मोडा. आज हे ठीक आहे. परंतु दहा वर्षांनी तो गट दुसऱ्या कामाला लागलेला असेल आणि लाखो यंत्रे त्या रस्ट कोडवर चालत असतील, तेव्हा ‘खुशाल मोडा’ म्हणता येणार नाही, आणि दुरुस्ती ज्याच्या गळ्यात पडेल तो आज विरोध करणाराच मेंटेनर असेल. पॅच देणारा येतो आणि जातो. मेंटेनर तिथेच राहतो. आपल्या गटातील दोन ज्येष्ठांनीही कदाचित हाच हिशेब केला असेल.

चिंचबन

ओसरी यांचे विवेचन नेमके आहे, पण ते वाचून विरोधकांची बाजू प्रत्यक्षात होती त्याहून जास्त निर्मळ वाटते. जो हिशेब त्यांनी मांडला त्याची एकच बाजू लिहिली गेली आहे. बदल केल्याचा खर्च कोणाच्या पदरी पडतो हे त्यांनी सांगितले. बदल न केल्याचा खर्च कोण भरतो? तो मेंटेनर भरत नाही. ज्याच्या फोनमध्ये त्या कोडमधून कोणी शिरते, तो भरतो. म्हणूनच तो मेलिंग लिस्टवर दिसत नाही.

गूगलने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. अँड्रॉइडमधील एकूण सुरक्षा-त्रुटींमध्ये मेमरीच्या चुकांमुळे झालेल्या त्रुटींचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे त्यांनी जुना सी आणि सी++ कोड उपटून फेकला नाही. नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, जुना आहे तसा राहू दिला. त्यांचे निरीक्षण असे की त्रुटी प्रामुख्याने नव्या आणि नुकत्याच बदललेल्या कोडमध्ये असतात. जुना कोड वापरता वापरता निवळत जातो. म्हणजे ‘सगळे पुन्हा लिहा’ अशी मागणी मुळात नव्हतीच. नव्या ड्रायव्हरपुरती परवानगी हवी होती, आणि तीही जागोजागी अडवली गेली.

डीएमएचे प्रकरण याच दृष्टीने पाहावे. तो पॅच हेलविग यांच्या विभागातील एकाही फाइलला हात लावत नव्हता. रस्टच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये एक वेष्टन होते, जे त्यांच्या फंक्शनला कोणत्याही ड्रायव्हरप्रमाणे बाहेरून हाक मारत होते. प्रत्येक रस्ट ड्रायव्हरने ते वेष्टन आपापले लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे एकच धोकादायक कोड दहा ठिकाणी दहा जणांनी लिहायचा. ज्यांनी आयुष्यभर नक्कल केलेल्या कोडवर कोरडे ओढले त्यांनीच हे सुचवावे, याला मी तरी देखभालीचा हिशेब म्हणणार नाही. टोरवाल्ड्स यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेला निवाडाही तसाच होता: मेंटेनरला आपल्या विभागात रस्ट नको असेल तर त्याच्या मताचा मान राखला जाईल, परंतु त्याचा इंटरफेस बाहेरून कोणी आणि कोणत्या भाषेतून वापरावा यावर त्याला नकाराधिकार नाही. पुढे हेलविग यांनी डीएमएच्या मेंटेनरपदावरून आपले नाव काढले. दरम्यान ॲपलच्या प्रोसेसरवर लिनक्स आणणारे हेक्टर मार्टिन यांनीही मेंटेनरपद सोडले होते, अर्थात त्यांनी समाजमाध्यमांवर दबाव आणण्याचा जो मार्ग धरला तो टोरवाल्ड्स यांना अजिबात रुचला नव्हता आणि मलाही रुचला नाही.

सगळे जुने लोक एका बाजूला होते हेही खरे नाही. स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्या नजरेखालून कर्नलच्या जितक्या त्रुटी जातात तितक्या क्वचितच कोणाच्या जात असतील, आणि त्यांनी याच वादात रस्टची बाजू घेतली. सीमधील क्षुल्लक खाचाखोचांमुळे होणाऱ्या चुका रस्टमध्ये होतच नाहीत, हा त्यांचा अनुभवाचा मुद्दा होता. अनुभव माणसाला विरोधाकडेच नेतो असे नाही.

आणखी एक गोष्ट. ‘आयगेट_लॉक्ड’सारख्या फंक्शनचे नियम पूर्वी कुठेही पूर्ण लिहिलेले नसायचे, ते चार माणसांच्या डोक्यात असायचे. रस्टचे वेष्टन लिहिताना ते विचारावे लागले आणि विचारल्यावर काही ठिकाणी असे दिसले की त्या चौघांची उत्तरेही जुळत नाहीत. माझ्या मते विरोधाला धार आली ती या अडचणीच्या प्रश्नांमुळे.

शंकासुर

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. चिंचबन यांचा ‘न दिसणारा खर्च’ हा मुद्दा मी प्रस्तावात घालणार आहे. मात्र एक उपप्रश्न पडतो. ओसरी म्हणतात त्याप्रमाणे प्रत्येक मोठ्या बदलाचा भार मेंटेनरवर पडणार असेल, तर कर्नलमध्ये आजवर मुळावर घाव घालणारा एकही बदल व्हायला नको होता. ते तर झालेच आहेत ना?

दीपमाळ

झाले आहेत, आणि ते कसे झाले हे पाहिले की रस्टचे दुखणे नेमके कशात आहे ते कळते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘बिग कर्नल लॉक’चे. १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरसाठी सोय केली, तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप लावण्यात आले. एक प्रोसेसर कर्नलच्या आत असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. ही सोय तात्पुरती आहे हे सर्वांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. ते कुलूप पूर्णपणे निघाले २०११ मध्ये, २.६.३९ आवृत्तीत. मधली पंधरा वर्षे प्रत्येक विभागाने आपापले छोटे कुलूप आणून मोठ्या कुलपातून अंग काढून घेतले. असा एकही दिवस उजाडला नाही की ज्या दिवशी सर्वांना एकदम नवी पद्धत स्वीकारावी लागली.

ठरलेल्या वेळेत काम होण्याची हमी देणाऱ्या ‘रिअल-टाइम’ पॅचचा प्रवास त्याहून लांब. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास हे काम हाती घेतले. कर्नल जवळजवळ कुठेही थांबवता यायला हवा, ही मागणी प्रत्येक कुलपाच्या मुळाशी जाणारी होती. त्यांनी ती अखंड गळ्यात मारली नाही. सूक्ष्म टायमर, म्यूटेक्स, कुलपांचा क्रम तपासणारे लॉकडेप, थ्रेडमध्ये चालणारे इंटरप्ट, माग काढणारे एफट्रेस असे एकेक तुकडे ते देत गेले, आणि यांतील प्रत्येक तुकडा ज्याला रिअल-टाइमशी काडीचे देणेघेणे नाही त्यालाही उपयोगी पडत होता. शेवटी ‘प्रिंटके’ हा संदेश छापणारा वरकरणी किरकोळ भाग अडून बसला होता, तो सुटल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये ६.१२ साठी उरलेला भाग कर्नलमध्ये गेला. व्हिएन्नातील परिषदेत ग्लाइक्सनर यांनी ती विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली. वीस वर्षांनंतर एवढी हौस करायला हरकत नाही.

आता फसलेले उदाहरण. कर्नल बांधण्यापूर्वी त्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे हे ठरवणारी जुनी यंत्रणा २००० च्या सुमारास अगदी जीर्ण झाली होती, यावर कोणाचे दुमत नव्हते. एरिक रेमंड यांनी सीएमएल-२ नावाची नवी यंत्रणा लिहिली. तीत नियमांची भाषा नवी होती, ते नियम सगळेच्या सगळे नव्याने लिहिलेले होते, आणि ती चालवायला पायथन लागणार होते. एक घ्यायचे म्हणजे तिन्ही घ्यायचे. अनेकांना कर्नल बांधण्यासाठी पायथनवर विसंबणे मान्य नव्हते. त्याहून अधिक जणांना सगळे एकदम बदलणे मान्य नव्हते. ते काम बारगळले. २००२ च्या अखेरीस रोमन झिप्पेल यांची सीमध्ये लिहिलेली यंत्रणा स्वीकारली गेली, आणि आज आपण सगळे ‘मेकमेन्यूकॉन्फिग’ म्हणून वापरतो ती तिचीच वंशज आहे. झिप्पेल यांची यंत्रणाही काही लहान बदल नव्हती. पण तिच्यासाठी कोणाला नवे काही प्रतिष्ठापित करावे लागले नाही आणि जुने नियम तिच्यात यंत्राने रूपांतरित करता आले.

म्हणजे कर्नल मुळावरचे बदल पचवतो, मात्र ते तुकड्यांत आले पाहिजेत आणि प्रत्येक तुकड्याचा लाभ तो तुकडा सांभाळणाऱ्याला मिळाला पाहिजे. सी भाषेची आवृत्ती बदलण्याचा साधा प्रश्नही असाच सुटला: १९८९ च्या सीवरून २०११ च्या सीवर कर्नल आला तो थेट २०२२ मध्ये, ५.१८ आवृत्तीत, आणि तेही एका सुरक्षा-दुरुस्तीच्या चर्चेतून याद्यांवर फिरणाऱ्या लूपमधील एक उणीव पुढे आली म्हणून.

रस्ट या साच्यात बसत नाही, हीच त्याची खरी अडचण. दुसरी भाषा अर्धी आणता येत नाही. पहिला ड्रायव्हर आला की कंपायलर आला, वेष्टने आली, दोन भाषांतील सीमा आली. शिवाय लाभ ड्रायव्हर लिहिणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला, तर भार मधल्या विभागाच्या मेंटेनरला, अशी विषम वाटणी झाली. म्हणून चिंचबन आणि ओसरी दोघेही बरोबर असूनही वाद मिटत नव्हता. टोरवाल्ड्स यांनी यातून काढलेली वाट मला शहाणपणाची वाटते. त्यांनी रस्टला ‘प्रयोग’ म्हणून घेतले, म्हणजे परत फिरण्याची वाट उघडी ठेवली, आणि सुरुवात झाडाच्या टोकाच्या पानांपासून, म्हणजे ज्यावर दुसरे काही अवलंबून नाही अशा ड्रायव्हरपासून होऊ दिली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा नोव्हा, अँड्रॉइडमधील प्रोग्रामांचे आपसातील संदेशवहन पाहणारा बाइंडर अशी कामे उभी राहिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोला झालेल्या मेंटेनरांच्या बैठकीत ‘प्रयोग’ हे बिरुद काढून टाकण्यात आले. वाद कोणी जिंकला असे मी म्हणणार नाही. वेष्टने लिहिणारेच हळूहळू मेंटेनर झाले, म्हणजे भाराची वाटणी बदलली, आणि मग विरोधाचे कारणच पातळ झाले.

ओसरी

दीपमाळ यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. चिंचबन यांचा डीएमएबद्दलचा आक्षेपही मान्य. तिथे नकाराधिकार वापरण्याचा प्रयत्न झाला हे नाकारता येत नाही.

शंकासुर, आता आपल्या ड्रायव्हरविषयी. आपले उपकरण कोणत्या कर्नलवर चालणार आहे, हे आपण लिहिलेले नाही. औद्योगिक बोर्डांवर बहुधा उत्पादकाने दिलेले जुने कर्नल असते. ते ६.१ च्या आधीचे असेल तर रस्टचा प्रश्नच उद्भवत नाही. ६.१ असले तरी त्यातील रस्ट म्हणजे एक संदेश छापणारे नमुन्याचे मॉड्यूल चालेल एवढेच होते. ६४-बिट आर्म प्रोसेसरसाठी रस्ट ६.९ मध्ये आले. ६.११ च्या आधी कंपायलरची नेमकी एकच आवृत्ती चालत असे; ६.११ मध्ये १.७८ किंवा पुढची कोणतीही चालू लागली. आपले उपकरण ज्या बसला, म्हणजे प्रोसेसरशी बोलण्याच्या जोडणीला, जोडलेले असेल तिचे वेष्टन मुख्य कर्नलमध्ये आहे का, हेही पाहावे. नसेल तर ड्रायव्हरबरोबर ते वेष्टन लिहिणे आणि सांभाळणेही आपल्याकडे येईल.

शंकासुर

बोर्ड ६४-बिट आर्मचा आहे आणि उत्पादकाचे कर्नल ५.१५ आहे. त्यांची पुढची आवृत्ती ६.१२ वर असेल असे त्यांनी कळवले आहे, पण ती केव्हा मिळेल हे सांगितलेले नाही. उपकरण आय-टू-सी बसवर आहे. तेव्हा हा ड्रायव्हर सीमध्येच जाईल. रजिस्टरची यादी आणि कुलपांचे नियम मात्र मी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहून ठेवणार आहे, आणि ते दोघा ज्येष्ठांकडून तपासून घेणार आहे. त्यांची उत्तरे जुळतात का, तेही पाहतो.